मंगळावरचे भाव वाचायला शिकवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास

नमस्कार,

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही, आवाजही कधी ऐकलेला नाही. 'ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी' या संगणकावरच्या खेळात तुम्ही समोरच्या बाजूला होतात, डाव जिंकलात, आणि निघून जायच्या ऐवजी थांबलात. त्यानंतर कितीतरी डाव तुम्ही चॅटमध्ये तुटक-तुटक वाक्यं टाकत मला शिकवत राहिलात. वर माझी कंपनी विकतही घेत राहिलात! त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघड पत्र.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोहॉक गेम्सचा, २०१६ सालचा. 'सिव्हिलायझेशन ४' या खेळाचे मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन यांनी तो घडवला. मंगळावर वसाहत उभी करायची, पण सैन्य नाही, रणगाडे नाहीत. पाणी, अन्न, ऑक्सिजन, वीज, लोखंड, काच अशा १३ जिनसा, त्यांचे क्षणोक्षणी हलणारे भाव, आणि प्रतिस्पर्ध्यांचे शेअर. ज्यानं बाकीच्या सगळ्या कंपन्या विकत घेतल्या तो जिंकला.

अशा खेळात नवा माणूस विचारतो, "आधी काय बांधू?" मीही तेच विचारलं होतं. तुमचं उत्तर होतं: "बाकीचे काय बांधतायत?" तेव्हा वाटलं, टाळताय. पण खेळाचा सगळा गाभा त्या उलट प्रश्नात आहे. खेळात कंपनीचा प्रकार निवडायचा असतो. चौघांपैकी दोघांनी रोबोटिक, म्हणजे यंत्रमानवांची कंपनी निवडली, तर त्यांच्या वसाहतीला अन्न-पाणी-ऑक्सिजन लागणारच नाही. मग शेतं वाढवून विकणार कोणाला? त्यांना मुख्यालय वाढवायला काचेऐवजी इलेक्ट्रॉनिक्स लागतात, म्हणजे तो भाव आज ना उद्या चढणार. स्कॅव्हेंजर या दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या पोलादाऐवजी कार्बन वापरतात, तेव्हा त्या जास्त असल्या की नजर कार्बनवर. पडद्यावरच्या भावांच्या उभ्या रांगेत कोणाची कशावाचून अडचण आहे हे लिहिलेलं असतं, ते वाचायला तुम्ही शिकवलंत.

तुमचा ऑक्सिजनचा धडा तर मी जन्मात विसरणार नाही. एका खेळाडूकडे ऑक्सिजनचं उत्पादन नव्हतं. तुम्ही बाजारातला माल उचलत गेलात, भाव चढत गेला. माणसांना श्वास तर घ्यावाच लागतो, त्यामुळे त्याचा खर्च आपोआप कर्जात जमा होऊ लागला. कर्ज वाढलं, पत घसरली, शेअर पडला. मग तुम्ही साठवलेला ऑक्सिजन चढ्या भावात विकलात आणि त्याच पैशातून त्याचे शेअर घेतलेत. एकही स्फोट नाही, काळ्या बाजारातली एकही खरेदी नाही. (काळा बाजार म्हणजे खेळातलं घातपाताच्या आणि बचावाच्या साधनांचं दुकान. त्याबद्दल तुमचं मत कडक होतं: तिथली प्रत्येक वस्तू घेतली की पुढची महाग होते, तेव्हा सुरुंग उडवण्याआधी गुंड बसवून आपली जागा राखा. हे मला अजूनही थोडं अतिसावध वाटतं.)

आणखी एक आभार, 'म्यूल'बद्दल. १९८३ सालचा तो खेळ तुम्ही सुचवला नसतात तर मी त्याच्या वाटेलाही गेलो नसतो. डॅनिएल बंटन बेरी यांचा हा खेळ चौघांनी एकाच संगणकासमोर बसून खेळायचा. लिलावात विकणारे वरून खाली येतात, घेणारे खालून वर सरकतात, आणि जिथे दोघे भेटतात तो भाव. इतकी साधी आणि इतकी जिवंत घासाघीस मी नंतरच्या चकचकीत खेळांतही पाहिलेली नाही. सगळ्यात मागे असलेल्या खेळाडूवर अचानक संकट कोसळत नाही, ही त्यातली माया तर ऑफवर्ल्डमध्ये अजिबात नाही. तिथे मागे पडलेल्याला सगळे मिळून लुटतात.

'अ‍ॅनो' या वसाहती वसवण्याच्या खेळाच्या बेटांवरही मी बराच काळ रमलो आहे. तिथे माल जहाजांतून बेटाबेटांवर पोचवण्यात जीव रमतो, पण समोरच्याच्या गरजेचा असा वास तिथे येत नाही. तुमच्यामुळे ती चटक लागली, आता शांत खेळ जरा अळणी लागतात. याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, ठरत नाही.

एका मुद्द्यावर मात्र आपलं जमलेलं नाही. तुमचं म्हणणं, स्वतःचे शेअर लवकर घेऊन ठेवावेत, म्हणजे कोणाला सहज गिळता येणार नाही. मला वाटतं, सुरुवातीला तो पैसा मुख्यालय वाढवून नव्या जागा मिळवण्यात घालावा; जागा असतील तर उत्पन्न असेल, आणि उत्पन्न असेल तर शेअर नंतरही घेता येतील. तुम्ही म्हणाल, "तोवर मी घेतलेले असतील." मग या एकदा, आणि घेऊन दाखवा.

तुमचा,
पुष्कळदा विकत घेतला गेलेला प्रतिस्पर्धी