पोहरा, पिंढऱ्या आणि यंदाचा आकडा

ब्लूमिंग्टन, इंडियाना
रविवार, 24 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

दादा म्हणाला, कानाचं यंत्र तुम्ही पुन्हा कपाटात ठेवलंय आणि विचारलं की म्हणता, "ऐकण्यासारखं बोलतंय कोण?" म्हणून फोनचा नाद सोडला. पत्र लिहून त्याचे फोटो दादाला पाठवतोय, तो मोठ्या अक्षरात छापून आणून देईल. चष्मा तरी लावा.

येत्या बुधवारी गणपती. तुमच्या सूनबाईनं शाडूची टीचभर मूर्ती स्वतः केली आहे. सोंड जरा कबड्डीपटूच्या दंडासारखी झाली आहे, पण मी काही बोललो नाही. रविवारी गौरी येतील. आणि मधल्या शनिवारी, म्हणजे 30 तारखेला, इथल्या इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉलचा नारळ फुटतोय. आपला पायानं खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल.

मागं फोनवर तुम्ही विचारलंत, "यंदा तुमची पोरं काय करणार?" आणि मी "बघू" म्हणालो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर सीझनच्या तोंडावर असं "बघू" म्हणणाऱ्याला तुम्ही शेजारी बसू दिलं नसतं. तेव्हा आज नीट उत्तर देतो.

आधी हे गाव समजून घ्या. ब्लूमिंग्टन हे बास्केटबॉलचं गाव. इंडियाना विद्यापीठानं त्या खेळात पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलंय. 1976 साली बॉबी नाइट या प्रशिक्षकाच्या हाताखालची पोरं अख्ख्या मोसमात एकही सामना हरली नाहीत, आणि त्यानंतर आजवर वरच्या गटातल्या कुठल्याच कॉलेजच्या पुरुष संघाला ते जमलेलं नाही. फुटबॉल म्हणजे त्याच घरातलं थोरल्याचे कपडे घालून वाढलेलं पोरगं. कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात सर्वांत जास्त सामने हरलेला संघ कोणता, तर हा. सातशेच्या वर पराभव. बिग टेन नावाच्या आपल्या साखळीचं विजेतेपद दोनदाच, 1945 आणि 1967. मोसमानंतर मानाचे 'बोल' सामने होतात, त्यातला शेवटचा विजय 1991 सालचा. मी तेव्हा बालवाडीत नाक पुसत होतो. 2021 ते 2023 या तीन वर्षांत मिळून नऊ सामने जिंकले. शेजारचे म्हातारबा सांगतात, लोक स्टेडियमबाहेर गाड्या लावून शेगड्या पेटवायचे, सॉसेज भाजायचे, बियर प्यायचे आणि आत न जाताच घरी परतायचे. आत जाऊन जे दिसणार ते ठाऊकच होतं.

हे म्हातारबा तुमच्याच वयाचे. 1967 ला इथं विद्यार्थी होते. तो संघ साखळी जिंकून कॅलिफोर्नियाला रोझ बोलला गेला आणि 14-3 असा हरला. ते हरणं ते अजून असं सांगतात की काल संध्याकाळी घडलंय. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर दरवर्षी ऑगस्टमध्ये ते खडूनं एक आकडा लिहितात: बारापैकी किती सामने जिंकणार. गेल्या वर्षी त्यांनी 4 लिहिला होता. तसं त्यांचं चूक नव्हतं, पत्रकारांनीही मोसमाआधी 18 संघांत इंडियानाला 17वं ठेवलं होतं.

आणि मग सिग्नेटी नावाचा गडी आला. कर्ट सिग्नेटी, आला तेव्हा 62 वर्षांचा. मोठ्या नावाच्या अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली होता. ती चांगली नोकरी सोडून पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक झाला, जिथं त्याच्या वडिलांनी आधी ते काम केलं होतं. तिथून पायऱ्या चढत जेम्स मॅडिसन विद्यापीठात पोचला आणि 2023 च्या अखेरीस इकडं. पोरांना इथं यायला काय सांगून पटवता, असं पत्रकारांनी विचारलं, तर म्हणाला, "मी जिंकतो. गूगल करा." हे वाक्य मंगळवार पेठेत शोभलं असतं. फरक इतकाच की यानं ते खरं करून दाखवलं. पहिले दहाच्या दहा सामने जिंकले, शेवटी 11 विजय, 2 पराभव. इतके विजय या संघानं एका वर्षात कधीच पाहिले नव्हते. याच राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाला तर 66-0. भाचेबुवा तिथंच इंजिनिअरिंगला, त्यांनी आठवडाभर मामाचा फोन उचलला नाही.

आता वादाचा मुद्दा. इथले नि बाहेरचे पुष्कळ जाणते म्हणतात की गेलं वर्ष हा मटका होता. दुबळे संघ वाट्याला आले म्हणून जिंकले, खरी गाठ पडली तिथं चितपट. ओहायो स्टेटनं 38-15 नं लोळवलं. मग बारा संघांच्या बाद फेरीत नोटर डेमनं 27-17. त्या रात्री जेरेमाया लव्ह नावाचा पोरगा 98 यार्ड एकटा पळत सुटला, आमची पोरं मागं मागं, जणू रंकाळ्यावर फिरायला निघाली आहेत. आमचे दोन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की मिळणारे गुण) आले ते शेवटच्या दीड मिनिटात, लोक कोट घालून उठत असताना. त्यामुळे 27-17 हा आकडा दिसतो तितका जवळचा नाही, हे मी कबूल करतो.

पण अण्णा, एक गोष्ट हे लोक सांगत नाहीत. हरले कुणाशी, तर ओहायो स्टेट आणि नोटर डेमशी. आणि जानेवारीत अंतिम सामना झाला तो याच दोघांत. अख्ख्या देशात दोघांशीच हरलो आणि ते दोघेच शेवटाला उरले. याला मटका म्हणायचं?

तरी मी भावनेच्या भरात आकडा देणार नाही. खासबागेत मला खांद्यावर घेऊन तुम्ही सांगायचात, "तोंड बघू नकोस, पिंढऱ्या बघ." गडी हलगीच्या ठेक्यावर कितीही थयथय नाचू दे, कुस्ती पिंढऱ्यांवर तुटते. या खेळातही तेच. टीव्हीवाले दिवसभर क्वार्टरबॅकचं तोंड दाखवतात, कारण चेंडू त्याच्या हातात असतो. पण चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं ते पुढच्या फळीतल्या पाच दांडग्यांच्या जोरावर. गेल्या वर्षी त्या दोन पराभवांत आमची ही फळीच मोडली. कर्टिस रूर्क नावाचा कॅनडाचा क्वार्टरबॅक बिचारा श्वास घेऊ शकला नाही. पुढं कळलं की गुडघ्यातला स्नायुबंध तुटलेला असताना तो सगळा मोसम खेळला होता. हे ऐकून म्हातारबा दहा मिनिटं गप्प होते.

मग यंदा सिग्नेटीनं काय केलं? ज्यांनी हरवलं त्यांच्याच घरातून माणसं उचलली. फळीच्या मधोमध उभा राहणारा पॅट कूगन नोटर डेमचा. त्या रात्री तो समोरच्या बाजूला होता. झेन मिचाल्स्की ओहायो स्टेटचा. तुम्ही हसाल, कारण पाटाकडील तालमीच्या संघानं शिवाजी पेठेतला गडी आणला की पेठेत किती दिवस चर्चा चालते ते तुम्हाला माहीत आहे. इथं आता ते सर्रास आहे. कॉलेज बदलायला आडकाठी नाही, आणि 1 जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात: वर्षाला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत, सगळ्या खेळांचे मिळून. आपल्या हिशेबानं पावणेदोनशे कोटींच्या वर. "पोरगा पेठेतला पाहिजे" हे तुमचं तत्त्व इथं चालायचं नाही. खरं सांगू? मलाही ते थोडं खटकतं. पण बचावातले एडन फिशर, मिकेल कमारा, डीअँजेलो पॉन्ड्स आणि पुढं चेंडू झेलणारा एलायजा सॅरट, हे चौघं जेम्स मॅडिसनहून वस्तादाच्या मागोमाग आले आणि यंदाही थांबले आहेत. वस्तादानं तालीम बदलली तर पठ्ठे मागं जातात, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

नवा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा. मियामीचा, आजी-आजोबा क्यूबाचे. कॅलिफोर्नियात बर्कलीकडून गेल्या वर्षी एकूण तीन हजारांवर यार्ड चेंडू फेकला, तेही पुढची फळी गळकी असताना, रोज पाठीवर आपटून. तरी दुसऱ्या दिवशी उभा. धाकटा भाऊ अल्बर्टोही याच संघात, त्याच जागेवर, राखीव. चेहरा शाळेतल्या मॉनिटरसारखा आहे. मी चेहरा बघणार नाही म्हटलं होतं, पण इतकं चालेल.

आता पंचांग. पहिले तीन सामने घरचे आणि सोपे: शनिवारी ओल्ड डोमिनियन, अनंत चतुर्दशीला केनेसॉ स्टेट, मग पितृपंधरवड्यात इंडियाना स्टेट. हे तीन विजय मी आत्ताच खिशात टाकतो. लोक नावं ठेवतात ती यावरूनच. सिग्नेटीला जुलैत विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला की दक्षिणेतले मोठे संघ करतात तेच मी केलं.

खरी परीक्षा सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. 20 सप्टेंबर, इलिनॉय. सामना इथंच, पण मोसमाआधीच्या राष्ट्रीय क्रमवारीत ते 12वे, आम्ही 20वे. त्यांची बहुतेक जुनी माणसं परत आली आहेत आणि पत्रकार त्यांना डोक्यावर घेऊन नाचताहेत. माझा अंदाज वेगळा आहे. कूगनवाली फळी टिकते की नाही ते त्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांत कळेल, आणि टिकली तर आपण जिंकू, थोडक्यात नव्हे, दणक्यात. हे मी फक्त तुम्हाला लिहितोय. म्हातारबांसमोर बोललो नाही.

नवरात्रात आयोवाला जायचंय. तिथल्या स्टेडियमला लागून लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. पहिला क्वार्टर संपला की सत्तर हजार माणूस मागं वळतो आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतल्या आजारी पोरांना हात हलवतो. पाहुणा संघही वळतो. मी टीव्हीवर पाहिलं, तुमच्या सूनबाईनं डोळ्याला पदर लावला. बाकी आयोवाचा खेळ म्हणजे चिखलातली कुस्ती, 13-10 वगैरे. तिथं मी हार धरतो. 11 ऑक्टोबरला ऑरेगनमध्येही हार. त्यांनी गेल्या वर्षी साखळीत एकही सामना गमावला नव्हता. धनत्रयोदशीला मिशिगन स्टेट आणि भाऊबीज झाल्यावर यूसीएलए, दोन्ही घरचे, दोन्ही आपले. मेरीलँड आपलं.

8 नोव्हेंबर पेन स्टेट. क्रमवारीत दुसरे. स्टेडियममध्ये एक लाख सहा हजार माणूस मावतो, आणि तिथं इंडियाना आजवर एकदाही जिंकलेली नाही. एकदाही नाही! इथंही हार लिहितो, लिहिताना हात जड होतोय. विस्कॉन्सिन घरी, जिंकू.

शेवटी 28 नोव्हेंबरला पर्ड्यू, त्यांच्या गावात. जिंकणाऱ्याला मिळतो तो काय, तर विहिरीचा जुना ओकच्या लाकडाचा पोहरा. सोन्या-चांदीचा नाही, खराखुरा पोहरा, इथल्याच दक्षिणेकडच्या एका शेतातून आणलेला. 1925 पासून त्याला साखळी जोडत आलेत: इंडियाना जिंकली की 'आय', पर्ड्यू जिंकलं की 'पी' अक्षराची कडी. यंदा शंभर वर्षं झाली. पर्ड्यू गेल्या वर्षी एकच सामना जिंकलं होतं, आता नवा प्रशिक्षक आणलाय. भाचेबुवांना मी जेवायला बोलावलंय, पोहरा घेऊन या म्हटलंय.

तर बेरीज करा: नऊ जिंकणार, तीन हरणार. त्याहून कमी झालं तर वस्तादानं माझा विश्वासघात केला म्हणेन. जास्त झालं तर तुमच्या पिंढऱ्यांच्या शास्त्राचा विजय.

काल संध्याकाळी म्हातारबांनी खडू हातात दिला. त्यांनी स्वतः 7 लिहिलाय. म्हटलं, "गेल्या वर्षी अकरा बघून सात?" तर म्हणाले, "1968 मध्येही सगळे म्हणत होते की परत रोझ बोल." मी खाली 9 काढला. मग त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं, ते कुस्तीवाले ना, म्हणून. तुमच्यासाठी एक जागा सोडली आहे, 9 च्या शेजारी. शनिवारच्या आत दादाला आकडा सांगा. कुणाला विचारू नका, दादाला तर मुळीच नको, तो बाराही म्हणेल.

आईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावायला सांगा. वहिनींनी पाठवलेला कांदा-लसूण मसाला संपत आलाय, हे फक्त कळवतोय.

आपला,
धाकटा

ता. क. — यंत्राची बॅटरी बदलून ठेवा. इलिनॉयचा सामना झाला की मी फोन करणार आहे, तेव्हा "ऐकू येत नाही" चालायचं नाही.