नाटकाच्या परीक्षणात संगीतकाराचं नाव तरी छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात राज्य नाट्य स्पर्धेची परीक्षणं येतात ती आमच्याकडे सगळे आवडीने वाचतात, पण दरवेळी एक गोष्ट खटकते म्हणून हे पत्र. अभिनयावर भरपूर लिहिलेलं असतं, नेपथ्य, प्रकाशयोजना यावरही असतं आणि शेवटी "पार्श्वसंगीत पूरक होते" एवढंच. संगीत कोणाचं, वाद्यं कुठली, कुठल्या प्रसंगाला काय वाजलं, काही नाही. ज्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने एवढे मोठे संगीतकार दिले तिथे तरी असं होऊ नये.

दोन माणसांचं सांगतो. जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, जन्म १९२९ चा, आणि अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, १९२७ चे. दोन्ही गावं गोव्यातलीच, गाडीने तासाभराचं अंतर. एकाचे वडील देवळात कीर्तन करायचे, दुसऱ्याचे चर्चमध्ये गाणाऱ्यांचे मास्तर. अभिषेकीबुवांनी संगीत दिलेली नाटकं आपल्याला ठाऊक आहेत, १९६४ चं मत्स्यगंधा, १९६७ चं कट्यार काळजात घुसली. कट्यारमध्ये एकच पद दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत येतं, म्हणजे नाटकातलं मूळ भांडणच त्यांनी चालीतून उभं केलं, माझ्या मते हे काम नाटककाराच्या बरोबरीचं आहे.

गोन्साल्विस मात्र आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहेत आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. पोर्तुगीजांच्या वेळी गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन म्हणजे कागदावर लिहिलेले सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, त्यामुळे ही मुलं मुंबईला गेली की सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात लगेच काम मिळायचं. गोन्साल्विसही असेच गेले, संगीतकार नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवलं, मग अरेंजर झाले. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिन कधी शिरणार, बासरी कुठे थांबणार, चेलो खाली काय धरून ठेवणार हे सगळं अरेंजर रात्र रात्र बसून कागदावर लिहायचा आणि पडद्यावर त्याचं नाव बहुतेक वेळा यायचंच नाही. तरी हा माणूस तेवढ्यावर थांबला नाही, १९५८ मध्ये स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला, लताबाई आणि मन्ना डे गायला होते. सारंग रागावर त्यांनी कॉन्चेर्टो लिहिला, म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकी ऑर्केस्ट्रा साथीला अशी पाश्चात्त्य धर्तीची रचना. आपला राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणायचं हे धाडस तेव्हाचं आहे! प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले. १९६५ ला ते अमेरिकेला गेले, पुढे परत गोव्यात येऊन राहिले आणि २०१२ ला वारले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' सिनेमातलं त्यांच्या नावाचं गाणं अजून प्रत्येक लग्नात वाजतं, ते प्यारेलालजींनी आपल्या गुरूला केलेलं वंदन आहे हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल?

आता आमच्या सिंधुदुर्गातलं बघा. दशावतारात पेटीवाले बुवा पात्र रंगमंचावर येता येता चाल ठरवतात, मृदंग, झांज त्याच्यामागून जातात, हे पण संगीत देणंच आहे आणि ते कुठेच लिहून ठेवलेलं नाही. एकांकिका करणारी पोरं कॉलेज सांभाळून लॅपटॉपवर स्वतः संगीत रचतात, काही जण खूप चांगलं करतात, पण कात्रण दाखवायला गेलं तर त्यात नावच नसतं, मग पुढचं काम मागायचं कशाच्या जोरावर आणि घरच्यांना तरी काय सांगायचं.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या फेरीपासून प्रत्येक परीक्षणात संगीतकाराचं आणि साथ करणाऱ्यांचं नाव द्या आणि संगीतावर निदान चार ओळी लिहा, चुकलं असेल तर चुकलं म्हणून लिहा तरी चालेल. परीक्षण लिहिणाऱ्यांना सोबत जाणकार हवा असेल तर आमच्याकडे ऑर्गन, तबला वाजवणारी मंडळी आहेत, ती आनंदाने शेजारी येऊन बसतील.

आपला एक वाचक,
सावंतवाडी