आम्ही जुगारी नाही, हे लेखी द्या

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

आपल्या कामाच्या व्यापात खेड्यातल्या एका पत्राला वेळ मिळणं अवघड आहे, हे मी समजू शकते. पण दोन अर्ज देऊन झाले, एकाचीही पोच आली नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते. वय 23, बी.ए. झालं आहे, घरी पाच एकरांत कापूस आणि तूर. मी बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठी काढलेला मोबाईल गेम, खेळते. आमच्या चौघांच्या स्क्वाडची मी आयजीएल, खेळातली म्होरकी, आहे. म्हणजे विमानातून कुठं उडी घ्यायची, झोन कोणत्या बाजूनं धरायचा, कधी भिडायचं आणि कधी गवतात पडून राहायचं, ते मी सांगते आणि तिघं ऐकतात. एक चुलतभाऊ, एक किराणावाल्यांचा मुलगा, एक आयटीआय करून घरी बसलेला. गावात माझ्या शब्दावर चार पावलं चालणारी माणसं मला तिथंच भेटली.

12 जानेवारीला, युवा दिनाला, तालुक्याच्या ठिकाणी बीजीएमआयची स्पर्धा ठरली होती. एका शासकीय कचेरीनंच ती जाहीर केली होती, कबड्डी, कुस्ती आणि धावण्याच्या सोबत, एकाच पत्रकावर. प्रवेश फी नव्हती, रोख बक्षीस नव्हतं. एक करंडक आणि प्रमाणपत्र, एवढंच. आम्ही दीड महिना सराव केला. आमच्याकडं धड रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येते. दिवसभर वेचणी, मग स्वयंपाक, मग नऊ ते अकरा टाकीचा जिना. थंडीत बोटं आखडायची तर ती काखेत धरून गरम करायची आणि पुन्हा सुरू.

10 तारखेला संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. शासनानं ऑनलाईन गेमिंगवर बंदी घातली असल्यामुळं स्पर्धा रद्द. आणि खाली, नोंदणी केलेल्यांची नावं. आमच्या गावची चार, त्यात पहिलं माझं.

स्पर्धा रद्द झाली, हे मी गिळलं असतं. पण 'बंदी' या शब्दाखाली माझं नाव गावाच्या फळ्यावर सहा दिवस होतं, ते कसं गिळू? दुसऱ्याच सकाळी हापशीवर शेजारच्या मावशींनी सगळ्या बायांसमोर विचारलं, "काहून वं, तूई बापावानीच जुगार खेयते काय?"

बापावानी का म्हणाल्या, ते आता सांगावंच लागेल. दोन हंगामांपूर्वी बाबांनी 11 क्विंटल कापूस विकला. पैसे खात्यात आले, खातं फोनला जोडलेलं. क्रिकेटच्या मॅचमध्ये जाहिरात यायची, ओळखीचे चेहरे हसून सांगायचे की या, खेळा, जिंका. बाबांनी रमी उघडली. पहिल्या आठवड्यात चारशे-पाचशे जिंकलेसुद्धा. पुढं 23 रात्रींत 61 हजार गेले. आम्हाला कळलं ते कृषी केंद्राची उधारी द्यायच्या दिवशी. आईनं पोत मोडली, ती आजही काळ्या मण्यांवर आहे. बाबा तेव्हापासून पारावर बसत नाहीत. आणि परवा, फळ्यावरचा कागद वाचून घरी आले, ओसरीत बसले आणि म्हणाले, "माह्या पापाचं बोट लोकं तुह्याकडं दाखवून रायले, बाई." माझे बाबा रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यामुळं साहेब, जुगार काय असतो ते मला कोणत्याही कचेरीनं शिकवायची गरज नाही.

ऑनलाईन गेमिंगचा तो केंद्राचा कायदा आला तेव्हा आमच्या घराइतका आनंद कुणाला झाला नसेल. 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत, आणि 22 ला राष्ट्रपतींची सही. त्या दिवशी आमच्याकडं पोळा होता. बैलांच्या शिंगांना बेगड लावताना बाबांनी बातमी ऐकली आणि तसेच उभे राहिले. मी तो कायदा मोबाईलवर दोनदा वाचला. तुमच्या तालुक्यातल्या लोकांनी एकदा तरी वाचायला हवा होता, कारण त्याच्या नावातच 'प्रोत्साहन' हा शब्द आधी आहे आणि 'नियमन' नंतर. त्यानं तीन वेगवेगळे खण केले आहेत: ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, करमणुकीचे ऑनलाईन खेळ, आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचे खेळ. बंदी तिसऱ्यावर आहे. तो चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण तो फसलेला माणूस आहे. म्हणजे कायद्यानं माझ्या बाबांनासुद्धा गुन्हेगार म्हटलं नाही. तुमच्या कचेरीनं मला म्हटलं.

ई-स्पोर्ट्सला केंद्रानं डिसेंबर 2022 मध्येच क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं. हांगझोच्या आशियाई खेळांत 2023 साली त्याची पदकं दिली गेली, त्यात पबजी मोबाईलचाही सामना होता. हे सगळं आपल्या खात्याच्या कारभारातलं आहे. मग यवतमाळ जिल्ह्यात पोचेपर्यंत पदकाचा खेळ पत्त्यांचा क्लब कसा होतो?

केंद्रानंच सांगितलं होतं की दरवर्षी सुमारे 45 कोटी लोक या पैशांच्या खेळांत जवळपास 20 हजार कोटी रुपये घालवतात. मी भागाकार केला. माणशी 444 रुपये येतात. माझ्या बाबांनी एकट्यानं 137 माणसांचा वाटा हरला. एवढी वर्षं हे चालू होतं तेव्हा सरकार कुठं होतं? 1 ऑक्टोबर 2023 पासून सरकार त्याच खेळांवर 28 टक्के जीएसटी घेत होतं. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर त्याच धंद्यातलं नाव छापलेलं होतं. आमच्या कापसाच्या पैशातला हिस्सा सरकारनंही घेतला, हे मी विसरणार नाही.

आणि आता सगळ्या मोबाईलला एकच काठी. म्हणून मी तुम्हाला सांगते, आमच्या गावात लोक खरोखर काय खेळतात.

बाया लुडो किंग खेळतात. लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय, अजून सुटली नाही. माहेरच्या बहिणीशी बोलायचं निमित्त म्हणून खेळतात. एक अकोल्यात, एक वर्ध्यात, आणि मधे सोंगट्या. तो गेम आपल्या नवी मुंबईतल्याच कंपनीचा आहे. सहावी-सातवीची पोट्टे इंडियन बाईक्स ड्रायव्हिंग 3डी खेळतात. त्यात फोनवर नंबर दाबला की बुलेट समोर उभी राहते, हव्या त्या रस्त्यानं पळवा. माझ्या भाच्याला मात्र बस सिम्युलेटर इंडोनेशियाचं वेड. त्यानं कुठूनतरी लालपरीचा रंग मिळवून गाडीला चढवला आहे. खऱ्या रस्त्यावर आमच्या गावाला दिवसातून दोन फेऱ्या येतात, तीही पावसाळ्यात चुकतात. तो मात्र रोज सकाळी साडेसहाला गाडी सोडतो, दारात उभं राहून "चला यवतमाळ, यवतमाळ" ओरडतो. मला त्याचं हसू येत नाही. तो वेळेवर येणारी एसटी बघायला आसुसला आहे.

मोठ्या मुलांत दोन तट आहेत, फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआय. ज्याच्याकडं हलका फोन तो फ्री फायरवाला. पन्नास जण, दहा-बारा मिनिटांत सामना खल्लास, समोरून गोळी आली की ग्लू वॉल टाकून लपायचं. आमचे बीजीएमआयवाले त्याला कार्टून म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. गरिबाच्या फोनवर चालणारा खेळ कमी दर्जाचा ठरवायचा, ही शहरातली खोड आमच्यातही आली. पण खेळ म्हणून विचाराल तर मी बीजीएमआयच्याच बाजूची. इरँगलचा नकाशा आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटर, शंभर माणसं, आणि अर्धा तास डोकं थंड ठेवावं लागतं. लांबून मारलं तर गोळी खाली पडते, तो अंदाज हाताला बसायला महिने जातात. राग एवढाच की अपडेट आलं की दोन दिवसांचा डाटा एका झटक्यात जातो. पुण्यातल्या लोकांनी बनवलेला इंडसही मी टाकून पाहिला. आपल्या मातीतला खेळ म्हणून फार जीव लावला, पण माझा फोन तव्यासारखा तापायचा.

हा फोन मी दोन हंगाम सोयाबीन सोंगून आणि ब्लाऊज शिवून घेतला आहे, बाबांच्या पैशानं नाही. अनोळखी लोकांसोबत खेळताना मी माईक बंद ठेवते, कारण मुलीचा आवाज आला की शिव्या सुरू होतात. गोळी कोणत्या बाजूनं येते आहे हे दिसत असून सांगता येत नाही, आणि डोळ्यांसमोर आपला माणूस नॉक होतो. टाकीच्या जिन्यावर आम्ही चौघंच असतो म्हणून मी मोकळ्या गळ्यानं ओरडते. ती स्पर्धा माझ्यासाठी काय होती, हे एवढ्यावरून समजून घ्या. चारचौघांत माईक चालू ठेवून खेळायचा तो पहिला दिवस असता.

दोष नाहीतच असं मी म्हणत नाही. रात्री दोनपर्यंत जागून शाळा बुडवणारी मुलं मी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलं आहे, ते योग्यच आहे. 18 वर्षांखालच्यांना बीजीएमआयमध्ये दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे, पण सिमकार्ड बापाच्या नावावर असलं की ती मर्यादा कागदावर राहते. या मुलांशी बोलायला तालुक्यात एक समुपदेशक द्या. आम्ही स्वतः त्यांना घेऊन येऊ.

पण सरकारला समजावून घ्यायचं नसतं, फक्त बटण दाबायचं असतं. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बंद. 2021 च्या जुलैत बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत गायब, 2023 च्या मे महिन्यात परत. फ्री फायर 14 फेब्रुवारी 2022 ला बंद, पण त्याचाच मॅक्स चालू. आम्ही प्रत्येक वेळी नियम पाळला आणि प्रत्येक वेळी आम्हालाच कुणीतरी चोर ठरवलं.

मनात आलं की सरकारचे हात किती वेगानं चालतात, हे आम्ही त्याच ऑगस्टमध्ये पाहिलं. तीन दिवसांत कायदा झाला. त्याच आठवड्यात, 19 ऑगस्टपासून, परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता आणि आमच्या दारात व्यापारी 6,800 च्या वर जायला तयार नव्हता. मग खेड्यांना जोडणारी ऑप्टिकल फायबरची योजना 2011 सालची, 2015 ला तिचं नाव भारतनेट झालं, आणि आमच्या गावची केबल रस्त्याच्या कामात तुटली ती कुणी जोडायला येत नाही, हे कसं? शेतीची लाईन रात्रीची, ओलित करायला बाबा साप-विंचवात जातात. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला काय काय कबूल केलं होतं, ते आमच्या आजोबांना पाठ होतं. आजोबा गेले. दर डिसेंबरला नागपुरात गाड्यांचे ताफे येतात आणि जातात. आमच्याकडं बदलतो तो फक्त फळ्यावरचा कागद.

2025 च्या पावसाळी अधिवेशनात सभागृहातल्या एका मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. खेळत नव्हतो, असा खुलासा झाला. तो खुलासा करायला कॅमेरे होते, माईक होते. मला खुलासा करायला हापशी आहे, आणि तिथं माझं कुणी ऐकत नाही. माघात दाखवायला येणार होते त्या पाहुण्यांनी "पुढं पाहू" असा निरोप पाठवला आहे. कारण त्यांनी सांगितलं नाही. आईनं ते विचारायची गरज पडली नाही.

मला भरपाई नको. ज्या कचेरीनं तो कागद लावला तिनंच दुसरा कागद लावावा: रद्द झालेली स्पर्धा जुगार नव्हती, कायद्यानं तिला बंदी नव्हती, आणि नोंदणी केलेल्या खेळाडूंचा काहीही दोष नाही. तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच फळ्यावर, त्याच चार नावांसह. आणि स्पर्धा पुन्हा घ्यावी, हॉलमध्ये, चालणाऱ्या वायफायवर. आम्ही यायला तयार आहोत, सराव सोडलेला नाही.

26 जानेवारीला ग्रामसभा आहे. तो कागद तोपर्यंत आला तर सरपंचबाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवायचं कबूल केलं आहे. मी बाबांना घेऊन पुढच्या रांगेत बसणार आहे. ते यायला नाही म्हणतात, पण मी त्यांना आणणार.

आपली,
नोंदणी यादीतली पहिली खेळाडू
जिल्हा यवतमाळ