क्लासच्या रात्रीच्या बॅचेस आठच्या आत संपवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मे महिना चाललाय, सगळीकडं क्लासच्या जूनच्या बॅचेस ठरायची गडबड सुरू आहे, म्हणून आत्ताच लिहितेय. आमचं घर राजारामपुरीत. सासूबाई, मिस्टर, मी, मुलगा आता दहावीत आणि मुलगी चौथीत जाईल. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, शिफ्ट ड्युटी, सुट्टी सोमवारी, मी पतसंस्थेत, माझी सुट्टी रविवारी, आणि मुलाच्या क्लासची टेस्ट नेमकी रविवारी सकाळी.

फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. मुलाची बॅच आठ ते साडेनऊ, त्यात त्यादिवशी सरांनी जादा तास घेतला. सासूबाईंना शुगर आहे, त्यांची गोळी जेवणाआधीची, ती त्यांनी नेहमीसारखी साडेआठला घेतली आणि नातू आल्याशिवाय जेवायचं नाही म्हणून बसून राहिल्या. मी दोनदा म्हणलं आई तुम्ही बसून घ्या, तर येईल की आता, एवढंच. सव्वादहाला बाहेर वाटी पडल्याचा आवाज आला, जाऊन बघते तर हात थरथरतोय, पदर घामानं भिजलाय, आणि काय विचारलं तर भलतंच बोलतायत. घरातल्या मशीनवर शुगर ५८! सत्तरच्या खाली गेली की धोका हे माहीत होतं, शुद्धीत होत्या म्हणून पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८४, मग भाकरी-भाजी भरवली. ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गोळी शुगर खाली ओढणार आणि पोटात काही नाही, मग दुसरं काय होणार, गोळी घेतली की लगेच ताट पाहिजे. आणि माझा चेहरा बघून माझंही बीपी मोजलं, १४८/९४ निघालं. परत दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलं तरी १४० च्या वरच. झोप किती विचारलं, मी म्हणलं पाच तास. मोठ्या माणसाला निदान सात तास पाहिजे म्हणे.

त्या रात्री मी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, पुढच्या बाजूला दुधाचा हिशोब होता, मागं पाचही जणांच्या सगळ्या आठवड्याच्या वेळा लिहून काढल्या. सगळे एकत्र जेवायला बसू शकतील अशी एकसुद्धा वेळ निघाली नाही, सात दिवसांत! मुलगा पावणेबाराला झोपतो आणि सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठतो, म्हणजे सहा तास, आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, मुलीला त्याचा खरंच फायदा झाला, पोरगी आता पोटभर नाश्ता करून जाते. पण पाचवीपासून पुढच्या मुलांना झोप नको असते का? आणि पोरांना रोज तासभर तरी घाम निघेल असं खेळायला पाहिजे म्हणतात, आमच्या मुलानं आठवीतच फुटबॉल सोडला, कारण प्रॅक्टिसला संध्याकाळच उरली नाही. आपल्या कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलचं एवढं वेड, आणि पोरं क्लाससाठी ग्राउंड सोडतायत, याचं मला फार वाईट वाटतं.

मी सरांना जाऊन भेटले. ते शांतपणे म्हणाले, मॅडम, उशिराची बॅच पालकच मागतात, ऑफिसवरनं येऊन सोडायला बरं पडतं म्हणून. खरं आहे ते, दोन वर्षांपूर्वी मीच मागितली होती. म्हणून हे पत्र क्लासवाल्यांना आहे तसंच पालकांनाही आहे. सगळ्यांनी मिळून सहा ते साडेसातची बॅच मागितली तर सर कशाला नाही म्हणतील?

मिस्टरांशीही स्पष्ट बोलले. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका रोज २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं असं आलंय, ते त्यांना वाचून दाखवलं. आता सकाळचे डबे ते भरतात, सेकंड शिफ्ट असली तरी उठतात, आणि मी तेवढ्या वेळात रंकाळ्यावर चालून येते. एप्रिलमध्ये मुलाची बॅच बदलून मिळाली. रोज जमत नाहीच, मिस्टर सेकंड शिफ्टला असले की चौघंच असतो, पण सासूबाईंची गोळी आणि ताट आता एकाच वेळी होतं, नातू स्वतः पान वाढतो. माझं बीपी गेल्या आठवड्यात १३४/८६ होतं, मीठही कमी केलंय, लोणचं-पापड बंद.

शहरातल्या क्लासचालकांनी एकत्र बसून दहावीपर्यंतच्या बॅचेस आठच्या आत संपवायचं ठरवावं, रविवार निदान दुपारनंतर तरी मोकळा सोडावा, आणि ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे त्यांनी त्यांना कुणाचीही वाट बघत ठेवू नये, ही कळकळीची विनंती. एकदा वेळापत्रकं छापली की वर्षभर कुणी बदलत नाही, त्यामुळं जूनच्या आधी पत्र छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर