कॉन्व्हेंटच्या पार्लरमधली बशी तिकिटावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या खाद्यपदार्थांवरची आपली पुरवणी मी आवडीने वाचली. फुगे, कुलकुल, नेवऱ्या, बॉटल मसाला यांना मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली याचा आनंद वाटला. पण त्याच पानावर एका वाचकाने सूचना केली आहे, की मुंबईतल्या जुन्या कॉन्व्हेंटची, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती सिस्टर राहतात त्या मठांची, स्वयंपाकघरं डिसेंबरात लोकांसाठी उघडावीत, तिकीट लावून 'फूड वॉक' काढावेत, म्हणजे बंद दारामागचा हा खजिना सगळ्यांना चाखता येईल. सूचना चांगल्या मनानेच केली असणार. तरी माझा तिला ठाम विरोध आहे.

मी मूळची वसईची, तिथल्या ख्रिस्ती कुपारी समाजातली. लग्नानंतर बोरिवलीत आले आणि इथलीच झाले. माझ्या आईची धाकटी बहीण सिस्टर झाली आणि तिचं बरंचसं आयुष्य वांद्र्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये गेलं. त्यामुळे लहानपणापासून पाहुणी म्हणून कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या खोलीत, मी खूप बसले आहे. तिथे काय वाढतात, कोणाला वाढतात आणि का वाढतात, हे मला जवळून माहीत आहे.

आधी खजिन्याविषयी. घंटा वाजवली की दार उघडणारी सिस्टर तुम्हाला पार्लरमध्ये बसवते आणि पाणी आणते. ग्लासावर मणी लावलेलं क्रोशाचं झाकण असतं. मग चहा, आणि बशीत त्या दिवशी घरात जे असेल ते. कधी मारी बिस्किटं आणि केळं, कधी साधा केक, कधी पावाला लोणी-साखर लावून. पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा. सिस्टर निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या असतात, त्यामुळे स्वयंपाकघरात कोणाची पाळी आहे त्यावरही अवलंबून असतं. केरळची सिस्टर असली तर अप्पम, मंगळूरची असली तर सान्नां, झारखंडची असली तर तांदळाचा आणि गुळाचा अरसा. बहुतेक वेळा मात्र चहा-बिस्किटंच. आणि ती बशी शाळेच्या प्रवेशासाठी आलेल्या बापापुढे जाते, नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरपुढे जाते, नवरा गेला म्हणून रडायला आलेल्या शेजारणीपुढे जाते. त्यांतल्या कोणाचा धर्म कोणी विचारत नाही. संकष्टी आहे म्हणून सांगितलंत तर बिस्किटं परत नेऊन केळी आणि दूध आणतात, हे मी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

माझी आजी मावशीला भेटायला वसईहून लोकलने यायची. लाल लुगडं नेसून, पिशवीत सुकेळी घेऊन. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, राखण करायची, मग केळीच्या वाळक्या पानात बांधायची, एवढा सगळा खटाटोप लेकीसाठी. मावशी ती पुडी हातात घ्यायची, वास घ्यायची आणि आत कोठीच्या सिस्टरकडे देऊन टाकायची. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या बाईचं स्वतःचं असं काही नसतं, आईने दिलेलं केळंसुद्धा नसतं. आलेलं सगळं सामाईक. पुढच्या भेटीत आजीला दिसलं, की शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याच्या बशीत तिचीच सुकेळी आहेत. आजी परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलली नाही. त्यानंतर मात्र ती दोन पुड्या आणायला लागली. लेकीच्या तोंडी लागावं म्हणून नव्हे. पाहुणे जास्त असतील तर कमी पडू नये म्हणून.

त्या काळी मावशी आमच्यासमोर बसायची, पण खायची नाही. बाहेरच्या माणसांबरोबर, अगदी सख्ख्या आईबरोबरही, जेवायचं नाही असा सिस्टरांच्या पुष्कळ संघांमध्ये, म्हणजे त्या ज्या धर्मसंस्थांच्या असतात त्यांमध्ये, नियम होता. आम्ही खायचो आणि ती आमच्याकडे बघायची. पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा, झाली. 1965च्या ऑक्टोबरात व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश निघाला आणि एकेका संघाने आपापले नियम नव्याने तपासले. वांद्र्याला ते वारं पोचायला काही वर्षं लागली. एका रविवारी मावशीने स्वतःसाठीही कप आणला आणि आमच्याबरोबर चहा प्यायली. आजीने आपल्या बशीतलं बिस्किट मोडून अर्धं तिच्या हातावर ठेवलं. हे सांगते आहे ते एवढ्यासाठी, की त्या बशीला केवढा इतिहास चिकटलेला आहे हे फूड वॉकवाल्यांना कळावं. तिथे चव हा मुद्दा कधीच नव्हता.

पाहुणचाराची ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांतलं 53वं प्रकरण पाहुण्यांवर आहे. येणाऱ्या प्रत्येकाला साक्षात ख्रिस्त आला असं समजून घरात घ्यावं, असं तिथे सांगितलं आहे, कारण मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलंत. मठप्रमुखाने पाहुण्यासाठी स्वतःचा उपवास मोडावा, मोठ्या उपवासाचा दिवस असेल तरच मोडू नये, असंही आहे. पाहुणे वेळी-अवेळी येतात म्हणून त्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवायला सांगितलं आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गरिबांची आणि यात्रेकरूंची जास्त काळजी घ्या असं बजावलं आहे, कारण श्रीमंताला त्याच्या धाकानेच मान मिळत असतो. मुंबईतल्या बहुतेक सिस्टर बेनेडिक्टच्या संघाच्या नाहीत. पण पाहुण्याकडे पाहण्याची ही दृष्टी सगळ्याच संघांत उतरली आहे. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सिस्टरांचा स्वतःचा कडक उपवास असतो, तरी त्या दिवशी घंटा वाजवणाऱ्याला चहा मिळतोच.

आता तिकीट लावलं की काय होईल, ते एका पदार्थावरून सांगते. वांद्र्याच्या त्या आवारात पेरूची झाडं होती. हंगामात त्या पेरूंचं गवा चीज, म्हणजे पेरूच्या वड्या, व्हायचं. पिकलेले पेरू उकडायचे, चाळणीवर घासून सगळ्या बिया काढायच्या, गर मोजून तेवढीच साखर घालायची आणि मोठ्या पातेल्यात ढवळत बसायचं. हात थांबला की खाली लागतं, आणि घट्ट व्हायला लागलं की उकळते थेंब उडून मनगटावर फोड येतात. स्वयंपाकघरातली म्हातारी सिस्टर झग्याच्या बाह्यांवर जुने मोजे चढवून ढवळायची. कडा सोडून गोळा फिरायला लागला की लिंबाचा रस, थोडं लोणी, मग तूप लावलेल्या पाटावर थापून शंकरपाळ्यासारखे तुकडे. ते डबे पार्लरसाठी राखीव असत. प्रत्येक पाहुण्याला बटर पेपरमध्ये बांधलेले दोन तुकडे, लहान मूल बरोबर असलं तर तिसरा. सिस्टरांच्या स्वतःच्या टेबलावर ते नाताळला आणि संघाच्या सणाला यायचं, एरवी नाही. ह्या वड्या विकायला काढल्या तर 2006च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागेल, हिशेब ठेवावा लागेल, मागणी पुरी करावी लागेल. ते सगळं करताही येईल. पण मग दोन तुकडे पुडीत बांधून प्लंबरच्या हातात देताना त्या सिस्टरला विक्रीच्या मालातून काढून द्यावे लागतील. तिच्यावर ही पाळी आणू नये.

कोणी म्हणेल, युरोपात तर सिस्टर मिठाई विकतात. खरं आहे. स्पेनमध्ये बंदिस्त मठांत भिंतीत फिरतं लाकडी कपाट असतं. गिऱ्हाईक पैसे ठेवतं, कपाट फिरतं, मिठाई बाहेर येते, आतली सिस्टर दिसतही नाही. पोर्तुगालमधल्या कॉन्व्हेंटची अंड्याच्या बलकाची मिठाई तर जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या शेजारी जुन्या गोव्यात 1606 साली सांता मोनिका मठ स्थापन झाला आणि गोव्यातल्या कितीतरी गोड पदार्थांचं मूळ लोक तिथे नेऊन जोडतात. ह्यात कमीपणा काहीच नाही. त्या बंदिस्त मठांना स्वतःच्या हातांच्या कामावर पोट भरायचं असतं आणि मिठाई हे त्यांचं काम आहे. मुंबईतल्या आमच्या सिस्टरांचं काम शाळा, दवाखाने, वसतिगृहं, वृद्धाश्रम हे आहे. पार्लरमधली बशी हा त्यांचा व्यवसाय नाही, आणि तो करायला त्यांना कोणी सांगू नये.

मदर तेरेसांच्या सिस्टर ह्याच्या अगदी उलट टोकाला जाऊन तेच करतात. कोणाच्याही घरी गेल्या तरी त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. गरिबाने स्वतःकडे नसलेलं त्यांच्यासाठी आणू नये म्हणून श्रीमंताकडेही नकारच. आमच्या सोसायटीत आल्या होत्या तेव्हा भर उन्हात हात जोडून नाही म्हणाल्या आणि काही बायका नाराज झाल्या. मी कारण सांगितल्यावर त्या गप्प बसल्या. आमच्याच सोसायटीत सामान पोचवणाऱ्या मुलाला वेगळ्या लिफ्टने पाठवतात आणि दारात उभं ठेवतात. त्याला पाणी विचारणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांना 'बंद दारं' उघडून हवी आहेत त्यांनी ह्याही दारांकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

सूचनेतला एक भाग मात्र मला पटतो. हे पदार्थ लिहून ठेवायला हवेत. मुंबईतून सिस्टर होणाऱ्या मुली आता थोड्या. बऱ्याच कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाकाला पगारी बाई असते आणि जुन्या सिस्टरांच्या डोक्यात असलेली मापं त्यांच्याबरोबरच चालली आहेत. त्या गवा चीजची कृती मी मावशीच्या तोंडून लिहून घेतली म्हणून माझ्याकडे आहे. पातेल्यातल्या गराचा रंग नेमका कधी बदलतो, हे तिने विटेच्या तुकड्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. धर्मग्रामांतल्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, तरुण मुलामुलींनी वह्या घेऊन म्हाताऱ्या सिस्टरांपाशी बसावं. आपल्या पुरवणीने दर आठवड्याला अशी एक कृती, ती कोणासाठी केली जायची ह्या माहितीसकट, छापावी. मी माझी वही आनंदाने पाठवीन.

ज्यांना खरोखर जायचं आहे त्यांनी अवश्य जावं, दार बंद नसतंच. आधी फोन करावा. नेताना फुलांच्या गुच्छाऐवजी तांदूळ, तेल, फळं न्यावीत, ती लगेच कामाला येतात. स्वयंपाकघराचे फोटो मागू नयेत. बशीत जे येईल ते खावं, 'आम्ही खाऊन आलोय' म्हणून परत पाठवू नये, कारण ते खास तुमच्यासाठी काढलेलं असतं. आणि दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान घंटा वाजवू नये. त्या वेळी सिस्टरांची प्रार्थना, जेवण आणि म्हाताऱ्या सिस्टरांची थोडी झोप असते.

आपली,
एक वसईकर वाचक, बोरिवली (पश्चिम), मुंबई