चित्रात बसणारीचं नाव लिहा

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात नातीबरोबर शहरातल्या एका चित्रप्रदर्शनाला गेले होते. तिथे भिंतीवर मी दिसले. हिरवं लुगडं, मांडीवर सूप, १९८४ चा मे महिना. खालच्या पट्टीवर चित्रकाराचं नाव, तैलरंग, आकार आणि शीर्षक 'वैदर्भी'. माझं नाव नव्हतं.

त्या चित्रासाठी मी सव्वीस दिवस बसले. चहाला उठलं तरी पाय पुन्हा तिथेच यावा म्हणून सर फरशीवर पावलाभोवती खडूची रेघ मारून ठेवायचे. लुगड्याची चुणी हलते म्हणून नागपूरच्या त्या उन्हाळ्यात कूलर बंद. अक्षर वळणदार म्हणून दुपारी सरांची पत्रंही मीच लिहायची. रंगांची उधारी, फ्रेमवाल्याचा हिशेब, मुंबईला जाणारी चित्रं गोणपाटात शिवून रेल्वे पार्सलला देणं, सगळं माझ्याकडे. सर आता नाहीत. त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही, हेही सांगते.

नात चित्रकला शिकते. तिने मला जोआना हिफर्ननबद्दल सांगितलं. लंडनमध्ये राहणाऱ्या व्हिस्लर या अमेरिकन चित्रकाराचं, पांढऱ्या झग्यात लिली घेऊन उभ्या तरुणीचं चित्र प्रसिद्ध आहे. ती ही आयरिश जोआना. रॉयल अकादमीने १८६२ मध्ये ते चित्र नाकारलं; १८६३ मध्ये, म्हणजे आपल्या नागपूरचं संग्रहालय, अजब बंगला, सुरू झालं त्याच वर्षी, ते पॅरिसला नाकारलेल्यांच्या प्रदर्शनात गाजलं. मधल्या काळात लंडनच्या एका गॅलरीने त्याला एका कादंबरीचं नाव दिलं, तेव्हा व्हिस्लरने साप्ताहिकाला पत्र लिहून खुलासा केला की पांढऱ्या पडद्यापुढे पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी उभी आहे, एवढंच. संपादकांना लिहिलेल्या त्या पत्रातही जोआना 'एक मुलगी'च राहिली.

त्याची आई अमेरिकेहून राहायला आली तेव्हा जोआनाला घर सोडावं लागलं. पण १८६६ मध्ये तो चिलीला निघाला, तेव्हा व्यवहार पाहण्यासाठी मुखत्यारपत्र केलं ते तिच्याच नावाने. पुढे दुसऱ्या बाईपासून झालेला त्याचा मुलगाही तिने वाढवला. १८८६ मध्ये ती वारली. मुखत्यारपत्राचं ऐकलं आणि मला सरांच्या टेबलावरचं टपाल आठवलं.

प्रदर्शनं भरवणाऱ्यांना आणि कलामहाविद्यालयांना विनंती आहे: बसणाऱ्या माणसाची हरकत नसेल तर पट्टीवर त्याचं नाव लिहा. विचारूनच लिहा, काहींनी घरी सांगितलेलं नसतं. मीही सासूबाईंना 'ऑफिसचं काम' असंच सांगायची. जुन्या चित्रांसाठी मात्र लवकर विचारा, आमच्यापैकी बऱ्याच जणी सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. 'वैदर्भी' महिनाअखेरीपर्यंत भिंतीवर आहे.

— कमल, महाल, नागपूर