सांगाडा कशाचा करायचा, दत्ता?

कोल्हापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचा सीएनसी राउटरचा, म्हणजे संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणाऱ्या मशीनचा, आराखडा मिळाला. ६०० बाय ९०० मिलिमीटरचा बेड, वर चालती गँट्री (बेडवरून सरकणारी आडवी तुळई), टूल फिरवणारा दीड किलोवॅटचा स्पिंडल, इथवर सगळं झकास. पण सांगाडा १८ मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा? ते आधी खोड. सावंतवाडीत राहून हा विचार तुला सुचलाच कसा! तुमच्याकडं पावसाळ्यात सागवानी दारंसुद्धा फुगून चौकटीत अडकतात. एमडीएफची कड ओल धरते, फुगते आणि कडेत पिळलेला स्क्रू ढिला होतो. मग गँट्री जिच्यावर सरकते ती रेल दोन ठिकाणी दोन उंचीला जाते. प्लायवुड त्यापेक्षा बरं, पण तेही बेडवरच्या बदलत्या फळीपुरतंच ठेव.

अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचं विचारलंयस. त्याचं सुख मोठं आहे: करवतीनं कापा, टी-नट घाला, बोल्ट आवळा, चुकलं तर खोला. वेल्डरच्या मागं फिरायला नको. पण पोलादाचा कडकपणा २०० गिगापास्कलच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा ७०. म्हणजे त्याच मापाचा, तेवढ्याच भरीव छेदाचा तुकडा जवळजवळ तिप्पट वाकणार. (एमडीएफ तीन-चारवर अडकतं, म्हणून त्याच्यावर जास्त शाई खर्च करत नाही.) शिवाय प्रोफाइलचा भाव बघितलास तर एमएसची (साध्या पोलादाची) ट्यूब कितीतरी स्वस्त.

आता माझं खरं म्हणणं ऐक. धातू कुठला यावर तू दोन पानं लिहिलीस, आणि गँट्रीच्या आकारावर एक ओळ. ते उलट हवं होतं. ट्यूबच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून बाजू दुप्पट केलीस, तर वजन साधारण दुप्पट होतं आणि वाकण्याला विरोध साधारण आठपट. ८० बाय ४० ची ट्यूब आडवी टाकण्याऐवजी उभी ठेवलीस तरी वरून येणाऱ्या भाराला ती तीनपट कडक. एक पैसा जास्त नाही.

पण गँट्रीवर खरा त्रास वाकण्याचा नसतो, पिळाचा असतो. टूल गँट्रीच्या खाली लोंबतंय. लाकडानं त्याला मागं ढकललं की तुळई स्वतःभोवती पिळते, आणि टोकाला ती चूक मोठी होऊन दिसते. म्हणून तुळई बंद पेटीसारखीच हवी. तू काढलेला सी-चॅनल, एक बाजू उघडी असलेला, मला अजिबात मान्य नाही. चौकोनी ट्यूब एका बाजूनं लांबीभर चिरली, तर पिळाला तिचा विरोध शेकडो पटीनं घटतो. चॅनल म्हणजे चिरलेल्या ट्यूबचाच भाऊ. ८० बाय ८० ची, ४ मिलिमीटर जाडीची एमएस ट्यूब घे. मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरते, तुझ्या मोटरी ती सहज ओढतील.

वेल्डिंगची भीती घालायची नाहीय, पण घाई नको. आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे ठिपके, मार. गुण्या लाव, दोन्ही कर्ण मोज, जुळले तरच पुढं. मग एका कोपऱ्यात थोडं, समोरच्या कोपऱ्यात थोडं, असं फिरत वेल्ड कर. शिवण थंड होताना आखडते आणि फ्रेम आपल्याकडं ओढते, म्हणून रेल थेट ट्यूबवर बसवायची नाही. जिथं रेल येणार तिथं १२ मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून घे आणि सगळी फ्रेम मशीनवर एकदाच बांधून त्या पट्ट्या मिलिंगनं सपाट करून घे. इकडं उद्यमनगरात किंवा शिरोलीला करून देणारे आहेत. टेम्पोतून पाठव, मी बघून घेतो. भट्टीत सहाशे अंशांवर तापवून ताण काढण्याचा खर्च लाकडाच्या मशीनला करू नकोस.

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग इथल्या फाउंड्रीतून काढू या, असंही लिहिलंयस. बीड मलाही आवडतं. त्यातले ग्राफाइटचे पापुद्रे कंप गिळतात, म्हणून जुन्या लेथचे बेड बिडाचे. पण एका नगासाठी साच्याचा पॅटर्न करायचा, मग कास्टिंग, मग मशिनिंग, हे तुझ्या खिशाला परवडणारं नाही. कंपाचीच काळजी असेल तर खालच्या फ्रेमच्या नळ्यांत कोरडी वाळू ठासून तोंडं बंद कर. गँट्रीत मात्र नको, उगाच वजन. एपॉक्सी ग्रॅनाइटचा (दगडाची खडी एपॉक्सीत कालवून ओतायची) नाद सध्या सोड: कडकपणा ३० गिगापास्कलच्या आसपास, राडा भरपूर, आणि एकदा ओतलं की भोक हलवता येत नाही.

तू पांगारा कापणार, जास्तीत जास्त सागाचं कोरीव पॅनेल. त्याला एवढं पुरे. अ‍ॅल्युमिनियमच्या नावाच्या पाट्या करायच्या म्हणतोस, तर मात्र झेड-अक्षाची (स्पिंडल वर-खाली नेणारी) प्लेट १५ मिलिमीटरच्या खाली नको आणि स्पिंडल जितका कमी लोंबेल तितका बरा. जोडणी झाल्यावर बेडवर मॅग्नेटवर डायल (बारीक हालचाल मोजणारा गेज) लाव, सुई कोलेटला, म्हणजे टूल धरणाऱ्या चिमट्याला, टेकव, आणि ताणकाट्यानं दहा किलोची ओढ दे. मग डायल गँट्रीवर, मग झेड-प्लेटवर. एका जागेवरून पुढच्या जागेवर नेल्यावर आकडा जिथं जास्त उतरेल, त्या मधल्या भागात पोलाद वाढव, बाकी ठिकाणी नको.

रेलची लांबी आणि तिच्यावर सरकणाऱ्या ब्लॉकमधलं अंतर कळव, म्हणजे पट्ट्यांची मापं काढून पाठवतो. तोवर ट्यूब विकत घेऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संजा